चांगुणाची हरकत

"माझी हरकत हाय!"

चांगुणानं घरातल्या भिंतीकडे बघून ठणकावलं. मग मान तिरकी करून आपलाच आवाज कसा लागला याचा अंदाज घेतला. तो तिला पसंत पडला नाही. पहिला शब्द घशातच अडकला होता. तांब्यातलं घोटभर पाणी पिऊन तिनं पदर खोचला आणि ती पुन्हा सुरू झाली.

"माझी हरकत हाय! पोरगी माझी हाय. मी वाढीवलीय तिला!"

"कुनाशी बोलून राहिलीस गं, चांगुणा?" भिंतीपलीकडून कस्तुराबाईनं विचारलं.

"भिताडाशी!"

"मग काय म्हन्लं भिताड?"

"तुझ्यापरीस शानं हाय. गुमान ऐकतंय."

कस्तुराबाई आणि चांगुणा यांच्यात एक कच्च्या विटांची भिंत होती आणि अर्ध्या आयुष्याचा शेजार होता. शेजार म्हणायचा तो आपला म्हणायला. दोघी दिवसभर भिंतीवरून एकमेकींना टोले हाणायच्या, पण एकीनं दुसरीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेलं धामणवाडीत कुणी पाहिलं नव्हतं. चांगुणाच्या घरात तसं कुणीच येत नसे. त्याला कारण होतं, आणि ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आता ही हरकत कसली, तर चांगुणाची भाची, तिच्या भावाची पोरगी विशाखा, नांदेडच्या ख्रिस्ती सिस्टरांच्या मठात व्रत घेणार होती. लग्न करायचं नाही, स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, मोठ्या सिस्टर सांगतील तिथं जायचं. उद्या सकाळी तो विधी होता, आणि चांगुणा तो मोडायला निघाली होती. पोरीला घेऊनच परत यायचं असं तिनं ठरवलं होतं. पिशवीत भाकरी-ठेच्याबरोबर खोबरेलाची बाटली होती, फणी होती, आणि पोरीला येताना नेसायला एक फुलाफुलांचं लुगडं होतं. मठाचं पांढरं पातळ मठाला लखलाभ.

विधी मोडता येतो हे तिला मकसूदनं सांगितलं होतं. मकसूद उदगीरच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा, आणि लग्नसराई नसली की बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरायचा. चांगुणा बांगड्या घेत नसे, पण तिच्या दारातल्या सावलीला बसून तो पाणी मात्र प्यायचा. चांगुणाच्या दारात बसणारा तेवढा एकच माणूस.

"मी सोता ऐकलंय, मावशी," तो म्हणाला होता. "उदगिरात मिशनच्या चर्चमधी लगीन हुतं. आमी भाईर बँड घेऊन उभे. पादरीनं मोठ्यांदा इचारलं, या लग्नाला कुनाची हरकत आसंल तर आत्ताच सांगा, न्हाईतर जलमभर तोंड मिटून बसा. सारं वऱ्हाड चिडीचिप! माझाच श्वास क्लॅरिनेटमधी अडकला."

"आन कुनी हरकत घेतली तर?"

"तर लगीन थांबतंय. कायदाच हाय त्यांचा." मकसूदनं मिशीवरचं पाणी पुसलं. "आमच्यात आसं न्हाई. आमच्यात वकील आन दोन गवाह आत जाऊन पोरीला इचारतेत, कबूल हाय का म्हनून. ह्यांच्यात गावाला इचारतेत."

"गावाला इचारतेत ते बेस," चांगुणा म्हणाली. "पोरीला काय कळतंय?"

मकसूद खोटं बोलत नव्हता. त्यानं ऐकलं ते खरंच ऐकलं होतं. पण एका घरची रीत दुसऱ्या घरी चालतेच असं थोडंच आहे? हे ना त्याला सुचलं, ना तिला. त्या दिवसापासून चांगुणा भिंतीला हरकत ऐकवत होती.

देव ही चीज चांगुणाला नवी नव्हती. सात-आठ वर्षांची असताना ती तापानं फणफणली, कितीतरी दिवस अंथरुणात पडून राहिली. उठली तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूला केसांचा गुंता झाला होता. फणी चालेना. आईनं ते बघितलं आणि कपाळाला हात लावला. जट आली! यल्लम्मानं पोरगी मागितली! बचकभर तेलानं सुटला असता तो गुंता. पण तेल घरात नव्हतं आणि यल्लम्मा घरोघरी होती. त्या सालीही पावसानं दगा दिला होता. एक तोंड कमी झालं तर बरंच, असं कुणी बोललं नाही, पण कुणी आडवंही आलं नाही. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ पडली आणि चांगुणा देवीची झाली. देवीची म्हणजे कुणाचीच नाही. लग्न नाही, लेकरू नाही, मंगळवारी-शुक्रवारी परडी घेऊन दारोदार जोगवा, आणि मोठी झाल्यावर गावातल्या मातब्बरांनी हक्कानं यावं असं एक बिनकडीचं दार.

मग छप्पन साल आलं. वस्ती बौद्ध झाली, घराघरांतले देव पोत्यात भरून नदीत गेले. चांगुणाचा भाऊ केरबा नुसता पेटला होता. त्यानं सगळ्यांसमक्ष अडकित्त्यानं तिची माळ तोडली, कात्रीनं जट कापली आणि म्हणाला, "आक्का, आजपास्नं तू मोकळी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाईट झालं असं चांगुणा कधीच म्हणाली नाही. पण माळ घालताना तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तोडतानाही कुणी विचारलं नाही, हे तिच्या मनात राहिलं ते राहिलंच. शिवाय मोकळी म्हणजे तरी काय? पुरुषांनी तिच्या घराकडं बघायचं सोडलं आणि बायकांनी तिला आपल्या घरात घ्यायचं सुरू केलं नाही. हळदीचं घर असो की मयताचं, चांगुणा अंगणातच उभी.

अशा घरात विशाखा आली. केरबाची बायको बाळंतपणात गेली आणि कपड्यात गुंडाळलेलं ते लेकरू चांगुणाच्या मांडीवर पडलं. नाव केरबानं ठेवलं, बाकी सगळं चांगुणानं केलं. त्यातली एक गोष्ट तिनं कधी चुकवली नाही. पोरीच्या केसांतून ती रोज दोन वेळा फणी फिरवायची. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, डोक्यावरून पाणी घेणं ही चैन झाली, तेल तर बघायलाही मिळेना, तरी फणी थांबली नाही. पोरगी कळवळून रडायची. "रड," चांगुणा म्हणायची, "रड, पर गुत्ता न्हाई ऱ्हाऊ देनार. तुला कुनी मागाया नको."

त्या दुष्काळात केरबा कामासाठी हैदराबादला गेला. आधी निरोप यायचे, मग तेही आटले. चांगुणा रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, आणि पोरगी सिस्टरांच्या दूधकेंद्रावर वाडगा घेऊन रांगेत उभी राहायची. मंगळुराकडच्या फ्लोरा नावाच्या सिस्टर तिथं मोठा डाव घेऊन सुकडी वाढायच्या. दुष्काळ सरला तेव्हा त्या काही पोरींना नांदेडच्या वसतिगृहात न्यायला आल्या. पोरगी जीपमध्ये चढेना. चांगुणानंच तिला उचलून आत बसवलं. "तितं दोन टाइम भाकर हाय, शाळा हाय," ती म्हणाली. जीप वळणाआड जाईपर्यंत पोरगी मागंच बघत होती. चांगुणाही वळण रिकामं झालं तरी बघत राहिली होती.

पोरगी शिकली, सुट्ट्यांत येत-जात राहिली, पुढं आपल्या मर्जीनं ख्रिस्ती झाली. चांगुणानं तेही गिळलं. वस्तीनं नाकं मुरडली तेव्हा "तुमच्या नाकाला का मिरच्या झोंबल्या?" असं विचारून सगळ्यांना गप्प केलं. पण गेल्या दिवाळीत विशाखा आली, चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "आत्या, मी स्वतःला देवाला वाहून घेणार आहे."

जगात बोलायला एवढी वाक्यं पडली होती, पण पोरीला नेमकं हेच सापडलं.

चांगुणाच्या हातातली भाकरी तव्यावर करपली. "कुनी सांगितलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. मला बोलावणं आहे, आत्या. आतून वाटून राहिलंय."

"मी बी आसंच म्हनत फिरत हुते," चांगुणा म्हणाली. "देवीनं बोलीवलं, देवीनं बोलीवलं. आईनं शिकवलेलं सगळं मला आतूनच आलंय आसं वाटायचं. तुला बोलावनं न्हाई आलं, पोरी. तुला भूक लागली हुती, आन मी तुला उचलून जीपमधी घातलं."

विशाखानं करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली. निघताना एवढंच म्हणाली, "आठ डिसेंबरला ये. माझ्याकडून तूच एकटी आहेस." ते ऐकून चांगुणाला पुन्हा ती जीप आठवली. आईनं मला दिलं, मी हिला दिलं, मग माझ्यात आन माझ्या आईत फरक तो काय? हा प्रश्न तिला तेव्हापासून धड जेवू देत नव्हता. दिलेली वस्तू परत मागता येते. ती परत मागायलाच ती निघाली होती.

फाट्यावर एसटीची वाट बघताना एक रंगारी पाटीवरचा 'जि. उस्मानाबाद' पांढऱ्या रंगानं पुसून त्यावर 'जि. लातूर' लिहीत होता. पंधरा ऑगस्टला नवा जिल्हा झाला होता, पण धामणवाडीच्या पाटीपर्यंत यायला त्याला थंडी उजाडावी लागली. यंदाही पाऊस उणाच होता, ज्वारी गुडघ्याशीच रेंगाळली होती, पण नव्या जिल्ह्याचा उत्साह दांडगा. चांगुणा जन्मली तेव्हा गाव बिदर जिल्ह्यात होतं. माळ तुटली त्या साली ते उस्मानाबादेत गेलं. आता लातूर. घर तसूभर न हलवता तीन जिल्हे फिरलेली ती बाई.

"आमाला इचारलं का रे कुनी?" तिनं रंगाऱ्याला विचारलं.

"कशाचं, मावशी?"

"ह्या जिल्ह्याचं."

रंगारी हसला. "ते मुंबईत ठरतंय. तुमाला-आमाला कोन इचारतंय?"

उदगीर, कंधार, लोहा करत ती नांदेडला पोचली तेव्हा उन्हं कलली होती. मठाच्या फाटकात सिस्टर फ्लोराच उभ्या होत्या. जाड काचांचा चष्मा, वाकलेली पाठ, पण डाव धरायचा हात तोच. दहा वर्षांनी त्यांनी तिला ओळखलं, आणि चांगुणाला त्याचा रागच आला. भांडायला आलेल्या माणसाला समोरच्यानं ओळख दाखवली की अर्धी हवा निघून जाते.

"विशाखाला खूप आनंद होणार," सिस्टर आपल्या पुस्तकी मराठीत म्हणाल्या. "पण आज ती बोलणार नाही. आठ दिवस तिचं मौन आहे. उद्या मिस्सा, म्हणजे मोठी प्रार्थना, झाल्यावर बोलेल."

"म्हंजी मला भेटाया बी न्हाई येनार?"

"पाहू शकता. बोलणार नाही."

झालं! एकांतात समजावून बघायचा चांगुणाचा बेत तिथंच आडवा झाला. आता चारचौघांत हरकत घेणं हाच मार्ग उरला.

व्रत घेणारी आणखी एक मुलगी होती, इस्लापूरकडची. तिचं सगळं गणगोत आलं होतं. आई, बाप, मामे, माम्या, काखेतली लेकरं, वरून एक खोकणारा म्हातारा. त्यांच्या गाठोड्यांनी पडवी भरून गेली होती. कुणी चिवडा काढत होतं, कुणी लेकराला दटावत होतं. चांगुणा अंगणातल्या लिंबाच्या बुडाशी पिशवी मांडीवर घेऊन बसली. त्या मुलीच्या आईनं चिवड्याचं पान आणून दिलं आणि विचारलं, "तुमच्याकडचं कोन कोन आलंय?"

"मी आलेय की."

"आन बाकीचे?"

"बाकीचे बी मीच," चांगुणा म्हणाली.

सांजेला घंटा झाली. पांढऱ्या पातळातल्या बायका ओळीनं अंगण ओलांडून प्रार्थनेला निघाल्या. त्यात विशाखा होती. तिची नजर लिंबाखाली गेली आणि ती जागीच थांबली. तिचे डोळे भरले. तिनं दोन्ही हात छातीशी नेले, हसली आणि ओळीबरोबर पुढं गेली. एक शब्द नाही. चांगुणाचा उचललेला हात तसाच राहिला. एवढ्या लांब येऊन पोरगी वीस पावलांवर होती आणि तरी जीप वळणाआड गेली तेव्हाइतकीच लांब होती. तिला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला, पण पडवीतले इस्लापूरकर बघत होते.

जेवणानंतर सिस्टर फ्लोरा पुन्हा आल्या. "उद्या आई-वडील मुलीला मेणबत्ती घेऊन वेदीपर्यंत आणतात. विशाखाबरोबर तुम्ही याल?"

म्हणजे हात धरून मीच पुन्हा नेऊन द्यायची! चांगुणाच्या तोंडावर 'न्हाई' आलं होतं. मग तिला सुचलं, की पुढं असलेलं बरं. मागून ओरडलं तर आवाज पोचायचा नाही.

"यीन की," ती म्हणाली. "मला फुडंच बसवा."

सिस्टरना कोण आनंद झाला!

सकाळी मठाच्या देवळात चांगुणानं एका हातात पेटती मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात विशाखाचा हात धरला. पोरीचा तळवा थंडगार पडला होता. जीपमध्ये बसवताना असाच थंड होता, हे चांगुणाला आठवलं आणि तिनं हात घट्ट दाबला. चालता चालता मेण बोटांवर सांडलं तरी तिनं मेणबत्ती हलू दिली नाही. वेदीपाशी सिस्टर फ्लोरांनी मेणबत्ती घेतली आणि तिला पहिल्या बाकावर बसवलं. हात रिकामे झाले.

गाणी झाली, वाचन झालं. म्हातारे फादर बोलायला उभे राहिले आणि बराच वेळ बोलले. चांगुणाला त्यातलं फारसं कळलं नाही, कारण ती फक्त एका प्रश्नाची वाट बघत होती. फादर दम घ्यायला थांबले की ती बाकाची कड धरून अर्धी उठायची. ते पुन्हा बोलायला लागले की बसायची. शेजारी बसलेली इस्लापूरची बाई हळूच म्हणाली, "पोटात दुखतंय का, आक्का?"

मग सिस्टर फ्लोरांनी हाक मारली, "विशाखा केरबा!"

विशाखा उठली. "प्रभू, तू मला बोलावलंस. मी आले."

बोलावलंस! तोच शब्द. विशाखा पुढं जाऊन उभी राहिली. फादरनी पुस्तक बाजूला केलं, चष्मा सारखा केला. सगळीकडं शांत झालं. हीच ती वेळ, चांगुणाला वाटलं. ती ताडकन उभी राहिली. आता विचारणार, कुणाची हरकत आहे का.

फादर म्हणाले, "विशाखा, देवाकडे आणि ख्रिस्तसभेकडे तू काय मागतेस?"

चांगुणा उभीच राहिली. तोंड उघडं होतं, शब्द जिभेवर होते, पण प्रश्न भलत्याच दिशेला गेला होता. फादर लोकांकडं बघतच नव्हते. ते पोरीकडं बघत होते. सगळा देऊळभर समाज, ते सत्तरीचे फादर, इस्लापूरचा खोकणारा म्हातारा, सगळे तोंडाला कुलूप लावून एका पोरीच्या उत्तराची वाट बघत होते. आणि पोरगी लगेच बोलली नाही. कुणी तिला घाई केली नाही, मागून कुणी शब्द पुरवला नाही. ती 'मला काही नको' म्हणाली असती तर ते तसंच ऐकून घ्यायला सगळे बसले होते, असं चांगुणाला स्पष्ट दिसलं.

एवढी माणसं कधी एका बाईला काही विचारून अशी गप्प बसलेली तिनं आयुष्यात पाहिली नव्हती.

फादरचं लक्ष तिच्याकडं गेलं. कुजबुज सुरू झाली. विशाखानं मागं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. आत्या कशाला आली आहे हे तिला त्या क्षणी कळलं.

"आई," फादर मऊपणानं म्हणाले, "तुम्हाला काही बोलायचंय का?"

आता तर तिलाही विचारलं होतं. मोकळं रान मिळालं होतं. कितीतरी दिवस घोटलेले शब्द एका दमात बाहेर आले असते. चांगुणानं विशाखाकडं बघितलं. पोरगी नजर चुकवत नव्हती. ती भूक लागलेली पोर नव्हती. ती उत्तर मनात तयार असलेली बाई होती, आणि ते देण्यासाठी आत्या खाली बसायची वाट बघत होती.

"न्हाई," चांगुणा म्हणाली. आवाज फाटला, तरी मागच्या बाकापर्यंत पोचला. "इचारलंय तिला. मी कशाला बोलू? बोलू द्या तिला."

आणि ती खाली बसली.

विशाखानं उत्तर दिलं. स्पष्ट, न अडखळता दिलं. नंतर गुडघे टेकून व्रताचे शब्दही आपल्या तोंडानं म्हटले. "एका वर्षासाठी" असं त्यात आलं तेव्हा चांगुणानं मान वर केली, पण तोवर डोळ्यांतून एवढं पाणी वाहत होतं की समोरची सगळी पांढरी पातळं एकमेकांत मिसळून गेली होती. इस्लापूरच्या बाईनं आपला पदर तिला पुसायला दिला.

जेवणं झाल्यावर विशाखा तिला मागच्या खोलीत घेऊन गेली. आठ दिवसांचं मौन सुटलं होतं. चांगुणानं पिशवीतून बाटली आणि फणी काढली. विशाखा काही न विचारता खाली बसली आणि तिनं डोक्यावरचं वस्त्र काढलं. केस बारीक कापले होते, बोटाच्या पेराएवढे. त्यात जट यायची सोयच नव्हती. चांगुणानं फणी तशीच परत ठेवली आणि नुसतं तेल चोळलं.

"हरकत घ्यायला आली होतीस ना?" विशाखानं विचारलं.

"हाव."

"मग का नाही घेतलीस?"

"मला वाटलं हुतं गावाला इचारतेत." चांगुणाची बोटं थांबली. "ते येक वरीस काय म्हन्लीस?"

"आता एका वर्षासाठी व्रत असतं, आत्या. पुढच्या वर्षी परत विचारतात. असं काही वर्षं दर साली. मग कायमचं."

"दर साली इचारतेत?"

"हो."

"आन एखांद्या साली न्हाई म्हन्लीस तर?"

"तर घरी येईन."

चांगुणानं तेलाचा हात आपल्याच केसांना पुसला. "मला येकदाबी न्हाई इचारलं गं," ती म्हणाली. विशाखानं वळून तिच्या मांडीत डोकं ठेवलं आणि दोघी तशाच बसून राहिल्या, घंटा होईपर्यंत. घंटा झाली तशी विशाखा उठली, वस्त्र डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, "मला जावं लागेल." फाटकापर्यंत पोचवायला सिस्टर फ्लोरा आल्या.

एसटीत कंडक्टरनं विचारलं, "किती?"

"येक," चांगुणा म्हणाली. लुगडं पिशवीतच होतं.

लोह्याच्या पुढं खिडकीतून सुकी रानं मागं जात होती, आणि तिला एक गोष्ट सावकाश कळत गेली. तिनं पोरीला दिलं नव्हतं. आईसारखं पाप तिच्या हातून झालं नव्हतं. छातीवरचा एवढा मोठा धोंडा उतरला होता, आणि तरी हलकं वाटायच्या ऐवजी पोकळ वाटत होतं. कारण दिलेली असती तर परत मागता आली असती. आपल्या पायांनी गेलेलीला कुणाकडं मागायची? दर साली तिला विचारतील. दर साली आपण इथं घरात बसून, पोरीनं नाही म्हणावं अशी आस धरू, आणि आपलीच आपल्याला लाज वाटेल.

उदगीरच्या स्टँडवर मकसूद भेटला, कापडात गुंडाळलेलं क्लॅरिनेट काखेत मारून. "मावशी, घेतली का हरकत?"

"गावाला इचारलंच न्हाई, मकसूद. पोरीला इचारलं. तुमच्यावानी."

"आँ?" मकसूद चपापला. "मग कबूल म्हन्ली?"

"म्हन्ली. चांगली मोठ्यांदा म्हन्ली," चांगुणा म्हणाली, आणि त्यात अभिमान कुठून आला हे तिचं तिलाच कळलं नाही.

घरी आली तेव्हा अंधार पडला होता. तिनं दिवा लावला, चहाचं आधण ठेवलं आणि उंबऱ्यात बसली. समोर तीच भिंत होती. आज तिला ऐकवायला काहीच नव्हतं. बसल्या बसल्या तिला फादरचा चष्मा आठवला, ती शांतता आठवली. कुणी बघत नाही असं पाहून तिनं घसा खाकरला आणि तसाच जाड आवाज काढून म्हणाली, "चांगुणा, तू काय मागतेस?"

आधी तिला हसू आलं. मग ती फादरसारखीच थांबली. घाई केली नाही. माळ घालताना, माळ तोडताना, जिल्हे बदलताना, पोरगी जाताना, कधी कुणी न विचारलेला प्रश्न होता तो, त्याला वेळ लागणारच. आधणाला उकळी फुटली तरी ती उठली नाही.

"मला कुनीतरी घरात आलेलं पायजे," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच म्हणाली. पन्नास वर्षं आत दाबलेलं होतं, त्यामुळं जोर सांभाळता आला नाही.

भिंतीपलीकडं भांड्यांचा आवाज थांबला. "कुनाशी बोलून राहिलीस गं, चांगुणा?"

'भिताडाशी' असं तिच्या तोंडावर आलंच होतं. ती थांबली.

"तुझ्याशी," ती म्हणाली. "च्या टाकलाय. ये इकडं."

चांगुणानं दोन कप काढून ठेवले, तेव्हा कस्तुराबाईच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.